हवा मारल्यापासून

माझे कान बसच्या इंजिनांनी खाल्ले. उभी नोकरी डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली, आणि तिथे इंजिन चालू ठेवूनच बोलायची पद्धत होती. बोलण्यासाठी इंजिन बंद करणाऱ्याला आम्ही हसायचो. आता निवृत्त होऊन रिठद गावच्या घरी बसलो, तर समोरचा माणूस ओठ हलवतो आणि आवाज मधल्या मध्ये कुठे जातो कोण जाणे. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं. ते कानात शिट्ट्या मारतं आणि फोडणी टाकली की डोक्यात फटाके फोडतं. दोन-तीन दिवस सोसलं आणि कपाटात टाकून दिलं. बायको घरी असती तर तिने ते मला घालायला लावलंच असतं. पण बायको पुण्यात आहे.

पुण्यात म्हणजे मुलाकडे. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली. बाळ बसायला लागलं की येते म्हणाली. मग चालायला लागलं की येते म्हणाली. मग सून नोकरीवर परत रुजू झाली. आता नात चुरूचुरू बोलायला लागली आहे आणि मी अजून इथे एकटाच भाकरी थापतो आहे. भांडण नाही, तंटा नाही. नातीला सांभाळायला परक्या बाईपेक्षा आजी बरी, हे मलाही कळतं. मुलगा मलाही बोलावतो. मी जाऊन आठवडाभर राहूनही आलो. त्यांच्या गॅलरीतून खाली पाहिलं की नुसती गाड्यांची टपं दिसतात, आणि त्यांतल्या एकाही गाडीच्या बॉनेटखाली आपल्याला डोकं घालता येत नाही. मग करायचं काय दिवसभर? परत आलो.

परत आलो तो मनाशी एक ठरवून. ती एक दिवस स्वतःहून म्हणेल, ‘येते आता मी.’ मी ‘ये’ म्हणणार नाही. मी म्हटलं तर ती लगेच निघेल, आणि मग मुलाच्या घरची सगळी ओढाताण माझ्या माथी. शिवाय म्हाताऱ्याला करमत नाही म्हणून आजीला ओढून नेलं, असं कोणी म्हटलेलं मला चाललं नसतं. तेव्हा तिने म्हणावं. ती कधी म्हणते याची मी रोज संध्याकाळी वाट पाहायचो, आणि वाट पाहायची माझी जागा म्हणजे कॉम्प्युटरसमोरची खुर्ची.

कॉम्प्युटर मुलाचा जुना. कॉलेजात होता तेव्हाचा, चौकोनी डब्याचा, पडद्याच्या माथ्यावर चिकटवलेला कॅमेरा, आणि सोबत दोन मोठे लाकडी स्पीकर. तो नोकरीला लागल्यावर मी ते भंगारात देणार होतो. दिले नाहीत हे नशीब, कारण मोबाईलवर मला बायकोचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. स्पीकर चढवून ठेवले की ती खोलीभर बोलते. मुलगा-सून कामावरून यायच्या आधी, दुपारी उशिरा झोपलेली नात उठलेली नसली की ती मोबाईल टेबलावर टेकवून व्हिडिओ फोन लावायची, आणि मी इकडे डोक्यावरून पाणी फिरवून, भांग पाडून बसलेलो असायचो. हसू नका. बसायचो.

“जेवले काय?”

“जेवलो.”

“काय केलं व्हतं?”

“वांगे.”

“पुन्ना वांगेच?”

एवढंच बोलणं. मग नातीची एखादी गंमत, सुनेचं ऑफिस, लिफ्ट बंद पडली होती ते. “तू कशी हायेस?” विचारलं की ठरलेलं उत्तर, “मजेत.” मलाही विचारलं की मी तेच सांगायचो. दोघेही मजेत. पण तेवढा वेळ तिचा आवाज भिंतींना लागून परत येत होता, आणि मला पुढचा दिवस काढायला तेवढं पुरायचं.

आमच्याकडे घट बसायच्या आधी अख्खं घर काढतात. दसरा काढणं म्हणतात त्याला. माळ्यावरची भांडी उतरतात, डबे घासले जातात, गोधड्या धुवायला निघतात. मागच्या वर्षी मी काही केलं नाही. या वर्षी तिने फोनवर दोन-तीनदा विचारलं, “दसरा काढान ना? का जायेच ठिवता घरात?” तिच्या भाषेत जाये म्हणजे जाळे. तिने ते विचारलं तेव्हा मला वाटलं, बाई येण्याचा विचार करते आहे. उगाच का कोणी दीडशे कोसांवरच्या जाळ्यांची चौकशी करेल? मी कामाला लागलो.

सोयाबीन कापणीला आलं होतं. दिवसा गावात म्हातारी माणसं आणि कुत्री, बाकी सगळं गाव शेतात. मी एकट्याने भांडी घासली, माळा झाडला. गोधड्या धुतल्या तेव्हा मात्र फजिती झाली. ओली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात, दोन टोकांना दोन. शेवटी एक टोक न्हाणीच्या दाराच्या कडीला बांधलं आणि दुसरं धरून मी पीळ देत राहिलो. कडी निघाली. मी चिखलात बसलो. आजूबाजूला पाहिलं, कोणीतरी हसावं म्हणून. कोणी नव्हतं. तेव्हा फार एकटं वाटलं, खरं सांगतो. पडल्याचं वाईट नाही वाटलं तेवढं हसायला कोणी नाही याचं वाटलं.

शेवटी राहिला कॉम्प्युटर. बाजूचा पत्रा काढला तर आत पंख्यावर, जाळीवर, सगळीकडे करडा थर. एखाद्या मेकॅनिकच्या घरात अशी वस्तू असावी याची लाज वाटली. फडक्याने पुसलं तर तो थर आणखी आत जायला लागला. मग मला जे सुचलं ते या भागात कोणालाही सुचलं असतं. आमच्याकडे हवा मारणं हा सगळ्यावरचा इलाज आहे. ट्रॅक्टरचा फिल्टर चोंदला, हवा मारा. मोटरसायकल उचलत नाही, हवा मारा. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला, हवा मारा. मी तो डबा पोत्यात गुंडाळला, मोटरसायकलच्या टाकीवर पुढ्यात घेतला आणि रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने पोत्यातली वस्तू पाहिली आणि म्हणाला, “काका, याले बी हवा माराची?”

“काहून? याले का नाक नाई?”

नळी मी स्वतःच हातात घेतली. कॉम्प्रेसर पूर्ण भरलेला होता. पहिल्या झोताबरोबर धुळीचा असा लोट उठला की दुकानदार मागे सरला. मग झोत पंख्यावर धरला आणि पंखा फिरायला लागला. फिरला, आणखी फिरला, आणि शिट्टी मारायला लागला. माझ्या कानांनाही ऐकू यावी अशी ती शिट्टी होती. मला इतकी मौज वाटली की धूळ उडून गेली तरी मी नळी काढली नाही. पाती दिसेनाशी होईपर्यंत पळवली. बसच्या पंख्याला असा झोत मारला तर तो जागचा हलतही नाही. हा प्लास्टिकचा, तळहाताएवढा, आणि मी त्याला जन्मात पळाला नसेल तितका पळवला.

घरी आणून जोडाजोड केली. बटण दाबलं आणि डबा गुरगुरला. थोडा वेळ फिरू दिलं तर गुरगुर वाढून घरघर झाली. टेबल थरथरायला लागलं, आणि टेबलावरचा पाण्याचा पेला सरकत कडेला गेला. स्पीकर लावले तर त्यातूनही एकसारखा गूंऽऽ असा आवाज. आवाज वाढवला की गूंऽऽ वाढायचा, कमी केला तरी तो आपला होताच. आयुष्यभर लोकांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस मी. साफ केलेली वस्तू बिघडवून बसलो.

तेवढ्यात तिचा फोन आला. पडद्यावर ती दिसली, पण तिचे ओठच हलत होते. मी ओरडलो, “मशीन घरघरून राह्यलं! काहीच आयकू येऊन नाई राह्यलं!” ती हसली. पाची बोटं एकत्र करून तोंडाशी नेली, म्हणजे जेवले का. मी मान हलवली. मग ती काहीबाही बोलली, मी हो हो केलं, आणि फोन संपला. त्या दिवशी घरात पहिल्यांदाच तिचा आवाज आला नाही. मी भाकरी केलीच नाही. दूध प्यालो आणि पडलो.

मुलाला विचारलं तर त्याने मोबाईलवर लिहून पाठवलं, बाबा, बंद करून चालू करा. केलं. घरघर ती घरघर. त्याने असंही लिहिलं की तुमच्याकडचा पंख्याचा आवाज इकडे येत नाही, मोबाईल तो गाळून टाकतो. म्हणजे तिला तिकडे सगळं शांत आणि मला इकडे पिठाची गिरणी. पंक्चरच्या दुकानाचं मी त्याला कळवलं नाही. एवढीही हौस नव्हती.

आता माझी जिद्द पेटली. रोग शोधायचा तर आधी जागा शोधायची. आत दोन पंखे होते. मी पेन्सिलीच्या खोडरबराचं टोक एकेका पंख्याच्या मधोमध हलकेच टेकवून तो क्षणभर थांबवला. पुढचा थांबवला तरी घरघर चालूच. मागचा थांबवला आणि शांत. चोर सापडला. तरी खात्री करायला मी आमचा जुना उपाय केला. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या चौकटीला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डेपोत याच रीतीने बेअरिंग ऐकायचो. कान गेले तरी हाड अजून ऐकतं. आत कोणीतरी खडे चावत होतं. बेअरिंग गेलं होतं, आणि घालवणारा मीच होतो.

पंख्यावरचा कागदी गोल उचलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. ते मशीनही तिचंच. घरघर बसली. मी मिशीला पीळ दिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा खडे सुरू.

स्पीकरचं कोडं वेगळं होतं. त्यांना तर मी हवा मारलीच नव्हती, नुसतं पुसलं होतं. वायर कॉम्प्युटरमधून उपसली की गूंऽऽ बंद, खुपसली की चालू. म्हणजे स्पीकर धड होते, काहीतरी कॉम्प्युटरकडून येत होतं. वायर हलवत असताना माझा दुसरा हात सहज डब्याच्या पत्र्यावर पडला आणि गूंऽऽ एकदम मंदावला. हात काढला, पुन्हा वाढला. हात ठेवला, मंदावला. बोटांना बारीक मुंग्याही आल्या. हे काय प्रकरण ते मला लगेच उमगलं नाही, पण उपाय तर हाती लागला होता. त्या संध्याकाळी मी डब्यावर तळवा ठेवून फोनला बसलो, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. तिने हातवारे करून विचारलं, हा हात काहून ठिवला? मी खुणेनेच सांगितलं, असू दे. पंखा तर घरघरतच होता. तिचं बोलणं तरीही कळलं नाही.

असे बरेच दिवस गेले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ती आता जास्त वेळ बोलायची. पूर्वी चार वाक्यांत आटपायची, आता कितीतरी वेळ तिचे ओठ हलत राहायचे. माझ्याकडे बघून नाही, खाली कुठेतरी बघून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मला वाटायचं, नातीचे पराक्रम सांगते आहे. मी मान हलवायचो, हसायचो, हो हो म्हणायचो. ऐकू न येणाऱ्या माणसाला दुसरं काय करता येतं? सारखं “काय? काय?” म्हटलं की समोरचा कंटाळतो, आणि तिने कंटाळून फोन ठेवलेला मला नको होता. चित्र तर चित्र, समोर असू दे.

शेवटी मी वाशीमला गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानात तो पंखा काउंटरवर ठेवला. दुकानदार म्हणाला, आता एवढा जुना डबा कोण वापरतं, नवाच घ्या. मी म्हटलं, तुम्हाला पंखा द्यायचा असेल तर द्या. त्याने आतून कुठून तरी त्याच मापाचा शोधून दिला. घरी येऊन नवा पंखा चार स्क्रूंनी बसवला. वायर पात्यांना लागू नये म्हणून बाजूला दोऱ्याने बांधली. डबा जागेवर ठेवायला टेबल पुढे ओढलं आणि मागे भिंतीवरचे दोन्ही बोर्ड दिसले. तीन भोकांच्या बोर्डावर फ्रिज होता. साफसफाईत सगळ्या पिना मी उपसल्या होत्या आणि परत लावताना कॉम्प्युटर दोन भोकांच्या जुन्या बोर्डावर, मधे एक जोड घालून खुपसला होता. अर्थिंगच नव्हतं त्याला. म्हणून तर पत्र्याला हात लावला की मुंग्या, आणि म्हणूनच तो गूंऽऽ. माझ्याच अंगातून त्याला जमीन मिळत होती. इतके दिवस मी अर्थिंगची तार होऊन बसलो होतो.

फ्रिजला पलीकडच्या भिंतीवरच्या तीन भोकांच्या बोर्डावर घातलं आणि कॉम्प्युटरला त्याची जुनी जागा दिली. बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. चालू झाला की नाही बघायला मागे हात धरला तर हाताला वारा लागला. स्पीकर पूर्ण चढवले. चिडीचूप. मी एकटाच टाळी वाजवली.

संध्याकाळी भांग पाडून बसलो. ठरवलं होतं की लगेच सांगायचं नाही. तिला बोलू द्यायचं, आणि ती काही बोलली की मधेच पकडायचं, पुन्ना वांगेच, असं तिचंच वाक्य तिला ऐकवायचं. मजा करू जरा. फोन वाजला. ती आली. सवयीने बोटं तोंडाशी नेली. मीही तोंड गंभीर ठेवून मान हलवली. पोटात हसू मावत नव्हतं.

तिने मोबाईल टेकवला, मागे वळून बघितलं, नात झोपली आहे ना. मग खाली मान घालून बोलायला लागली. तिचा आवाज खोलीभर झाला.

“आज सकायपासून कोनाशीच बोलली नाई मी. दोघं बी गेले हापिसात. पोरगी झोपली की हे घर खायले उठते. खाली बाकड्यावर बाया बसतात, मी बी जाऊन बसली. म्या तोंड उघडलं की एकमेकीकडं पाह्यतात. मंग मी बसनंच सोडलं.”

मी मान हलवली. सवयीने हलली.

“गुडघे लय दुखून राह्यले. कालबी सांगतलं तुमाले. सुनेले नाई सांगत. सांगतलं की डाक्टर, गोया, आन पोराचा जीव उगाच टांगनीले. चांगले हायेत ते दोघं. काई कमी नाई करत. पर मी काय सांगू त्यायले? मले करमत नाई म्हनून सांगू? त्यायची पोरगी कोन सांभायन?”

काल सांगितलं होतं. परवाही सांगितलं असेल. आणि मी समोर बसून हसत होतो, हो हो म्हणत होतो. माझ्या अंगातलं सगळं हसू जिरलं. आता ‘मला ऐकू येतंय’ म्हणावं, तर ती तिथल्या तिथे थांबेल आणि ‘मजेत’ म्हणेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. न म्हणावं, तर हे चोरून ऐकणं झालं. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मी ऐकत नाही अशी खात्री झाल्यावरच तिला बोलता आलं होतं. हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

“तुमचं बरं हाय,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून थोडी हसली. “निस्ती मान हालोता. भिताडाशी बोलल्यापक्षी बरं. तुमाशी असं बोललं की माह्या जिवाले हलकं वाटते.” मग पुन्हा खाली बघत पदराचं टोक गुंडाळायला लागली. “घट बसतीन आता. दसरा काढाले सांगतला मी तुमाले. मले वाटलं, तुमी म्हनान, तूच ये ना मंग, तूच काढ. पर तुमी म्हनलंच नाई. तुमाले सवय झाली आता एकट्याची. मी तरी कोन्या तोंडानं म्हनू, येतो म्हनून? कोनी बलावलं तर मानूस जाते ना.”

ती बोलायची थांबली होती आणि मी मान हलवीन याची वाट पाहत होती.

“ये,” मी म्हणालो.

तिने मान वर केली. बोटाला गुंडाळलेला पदर तसाच राहिला. “आयकू आलं तुमाले?”

“आलं.”

“केवाचं?”

“आज सगळंच. ये तू.”

तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. मोठ्याने रडली, नात उठेल याचंही भान तिला राहिलं नाही. दोन्ही स्पीकरमधून ते अख्ख्या खोलीत स्वच्छ ऐकू येत होतं. मी आणखी एकदा ‘ये’ म्हणालो. या खेपेला जरा मोठ्याने, कारण रडण्यात तिला ऐकू गेलं नसावं.